जुन्या इंजिनांना सूट नको, पंपावर पाटी हवी

दसऱ्याच्या संध्याकाळी दसरा चौकात छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक येते, तेव्हा सोनं लुटायला जमलेल्या हजारो कोल्हापूरकरांपैकी कुणाच्याही मनात तिच्या धुराचा विचार येत नाही. येऊही नये. वर्षातून मोजके किलोमीटर चालणाऱ्या गाडीने शहराची हवा बिघडत नाही. पण उद्यमनगरातल्या एखाद्या गॅरेजबाहेर जुनी हेराल्ड किंवा पद्मिनी उभी दिसली की लगेच दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणतो, असल्या गाड्या भंगारात घाला. दुसरा म्हणतो, प्रदूषणाच्या नियमांनी आणि बिनशिशाच्या पेट्रोलने जुनी इंजिनं मारली, आता निदान त्यांना सगळ्यातून सूट द्या. मला दोन्ही मतं चुकीची वाटतात, आणि दुसरं जास्त, कारण ते गाड्यांवर प्रेम करणाऱ्यांच्या तोंडून येतं आणि त्यात इंजिनाचं ज्ञान कमी असतं.

आधी शिशाचं बघू. पेट्रोलमध्ये शिसं आलं ते नॉकिंग थांबवायला. सिलिंडरमधलं मिश्रण ठिणगीच्या ज्योतीची वाट न बघता शेवटच्या कोपऱ्यात आपणहून पेटतं, पिस्टनवर घणाचे घाव बसल्यासारखा आवाज येतो, आणि तसंच चालवलं तर पिस्टनला भोक पडतं. कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण पेटण्याआधी दाबायचं प्रमाण, वाढवलं की ताकद वाढते, पण नॉकिंगही वाढतं. १९२१ च्या डिसेंबरात अमेरिकेत थॉमस मिजली यांनी टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगाचा उपाय शोधला आणि १९२३ पासून ते पेट्रोल पंपावर मिळू लागलं. अल्कोहोल मिसळूनही नॉकिंग थांबतं, हे तेव्हा याच मंडळींना ठाऊक होतं. पण शिसं फार थोडं पुरायचं, स्वस्त पडायचं आणि त्याचं पेटंट घेता यायचं. उसाच्या अल्कोहोलचा हा धागा पुढे आपल्या जिल्ह्यातच येऊन पोचतो, म्हणून तो लक्षात ठेवायचा.

शिशाचा दुसरा गुण कुणी ठरवून आणलेला नव्हता. जळल्यावर त्याच्या क्षारांचा पातळ थर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटवर, म्हणजे तो टेकतो त्या कडेवर, बसायचा. तापलेला व्हॉल्व्ह सीटवर आपटतो तेव्हा दोन धातूंचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटतात, आणि व्हॉल्व्ह उचलताना सीटचे कण उपटून नेतात. मधे शिशाचा थर असला की हे चिकटणं थांबायचं. म्हणून बीडाच्या हेडमध्येच, म्हणजे सिलिंडरवरच्या ओतीव लोखंडी झाकणातच, सीट कापून काम भागत होतं, वेगळी कडक रिंग बसवायची गरज नव्हती. शिसं गेल्यावर या सीट झिजून व्हॉल्व्ह हेडमध्ये रुतू लागले. जुन्या इंजिनांच्या बाबतीत शिसं गेल्यामुळे खरोखर गमावलं ते एवढंच, आणि ते मशीन शॉपमध्ये परत मिळवता येतं.

मिळवलं त्याची यादी मोठी आहे. शिशाच्या पेट्रोलमध्ये ब्रोमिनची संयुगं घालावी लागायची, नाहीतर शिसं सिलिंडरमध्येच साचलं असतं. त्यामुळे सायलेन्सर सडायचे, प्लगवर राखाडी पापुद्रा चढायचा, तेलात गाळ व्हायचा. शिसं गेल्यावर प्लग आणि तेल दोन्ही जास्त टिकू लागलं. आणि हे सगळं माणसांच्या हिशोबापुढे किरकोळ आहे. शिसं लहान मुलांच्या मेंदूवर घाव घालतं आणि तो घाव भरून निघत नाही. क्लेअर पॅटरसन या शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात शिशाचं प्रदूषण किती पसरलंय हे दाखवलं, तरी उद्योगाने वर्षानुवर्षे नाकारलं. शेवटी कायदा हलला तो मुलांच्या जोडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमुळे, म्हणजे एक्झॉस्टमधले विषारी वायू साफ करणाऱ्या पेटीमुळे, कारण शिसं कन्व्हर्टरमधल्या प्लॅटिनमवर लेप चढवून त्याला निकामी करतं. भारतात १ एप्रिल १९९५ ला चार महानगरांत बिनशिशाचं पेट्रोल आलं आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर. त्यानंतर मुंबईतल्या मुलांच्या रक्तातलं शिसं घटल्याचं तपासणीत दिसलं. एका व्हॉल्व्ह सीटसाठी हे परत आणा म्हणणाऱ्याशी वाद घालायचीही गरज नाही.

तरी स्पोर्ट्स कारचे शौकीन १९७० चं दशक आठवून हळहळतात, आणि ती हळहळ खोटी नाही. अमेरिकेत १९७० चा क्लीन एअर अ‍ॅक्ट आला. गाड्यांना कमी ऑक्टेनच्या, म्हणजे नॉकिंग लवकर होणाऱ्या, बिनशिशाच्या पेट्रोलवर चालवायचं ठरलं आणि कारखान्यांनी सगळ्यात सोपा मार्ग धरला: कॉम्प्रेशन उतरवा. शेवरोले कॉर्व्हेटचं साधं ३५० घनइंची इंजिन १९७० मध्ये १०.२५ कॉम्प्रेशनवर ३०० अश्वशक्तीचं होतं, १९७१ मध्ये कॉम्प्रेशन ८.५ झालं आणि आकडा २७० वर आला. १९७२ मध्ये २०० लिहिलेले दिसतात आणि लोक छाती पिटतात, पण त्या वर्षी मोजायची पद्धतच बदलली. आधी नुसतं इंजिन बाकावर बसवून, पंखा-सायलेन्सर काढून मोजायचे. आता गाडीत असतं तसं सगळ्या सामानासह मोजू लागले. त्यामुळे सत्तर अश्वशक्तीची ही घसरण मुख्यतः कागदावरची. १९७५ मध्ये कन्व्हर्टर आला आणि आकडा १६५ झाला, ती घसरण मात्र खरी. कॉम्प्रेशन ११ वरून साडेआठवर आणलं तर कागदी हिशोबाने इंजिनाची कार्यक्षमता सुमारे सात टक्के घटते. म्हणजे धूर कमी करायच्या नावाखाली तेवढ्याच कामाला जास्त पेट्रोल जाळलं गेलं.

ब्रिटिश गाड्यांची गत आणखी वाईट झाली. एमजीबीला अमेरिकेसाठी १९७५ पासून दोन एसयू कार्ब्युरेटर काढून एकच झेनिथ-स्ट्रॉम्बर्ग दिला. मायदेशात नव्वदीत असलेली ताकद तिथे साठ-बासष्टवर आली. ट्रायम्फ टीआर६ इंग्लंडमध्ये पेट्रोल इंजेक्शनसह दीडशे अश्वशक्ती सांगायची, अमेरिकेत दोन स्ट्रॉम्बर्गवर शंभरच्या थोडी वर. त्यात इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे ओढलेलं. टायमिंग मागे गेलं की मिश्रण उशिरा जळतं, जळतं-जळतं बाहेर पडतं, एक्झॉस्ट तापतो आणि तिथे हायड्रोकार्बन जळून जातात. चाचणीत आकडा चांगला येतो, पण ती उष्णता हेड आणि व्हॉल्व्ह सोसतात. पोर्शे ९११ च्या २.७ लिटर इंजिनावर याच हेतूने थर्मल रिअ‍ॅक्टर लावले, म्हणजे एक्झॉस्टला जवळच कोंडून तापवायची पेटी. एअरकूल्ड इंजिनाला ही उष्णता झेपली नाही आणि मॅग्नेशियमच्या केसमधून हेडचे स्टड उपटून यायला लागले. पोर्शेच्या इंजिनाचं काम करणाऱ्या प्रत्येकाला हा रोग माहीत आहे.

इथे दोष नियमाचा किती आणि घाईचा किती? १९७६ मध्ये व्होल्वोने बॉशचा लॅम्बडा सेन्सर गाडीत आणला. तो एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजून मिश्रण क्षणोक्षणी सुधारतो, आणि त्याच्या जोरावर कन्व्हर्टर तिन्ही प्रदूषकं एकदम साफ करू लागला. दहा वर्षांच्या आत धूर कमी आणि ताकद जास्त अशी इंजिनं रस्त्यावर आली. नियम तेच, उलट आणखी कडक. १९७२ ते १९७८ च्या गाड्या मेल्या त्या मुदत आणि तंत्र यांचा मेळ न बसल्यामुळे. एअर पंप, मागे ओढलेलं टायमिंग आणि पातळ मिश्रण ही त्या काळची ठिगळं होती, आणि ठिगळालाच लोक आजही प्रदूषण नियंत्रण समजतात.

आता आपल्या गल्लीत येऊ. एमजीबीचं १७९८ सीसी इंजिन बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या बी-सिरीजचं. आपल्या अ‍ॅम्बेसेडरचं १४८९ सीसी इंजिनही त्याच घराण्यातलं. स्टँडर्ड हेराल्ड आणि ट्रायम्फ स्पिटफायर याही सख्ख्या बहिणी. म्हणजे ज्या मिस्त्रीने अ‍ॅम्बेसेडरची हेडं उतरवली, त्याला इंग्लंडमधल्या स्पोर्ट्स कारच्या हेडची नस माहीत आहे. बीडाचं हेड, बीडातच कापलेली सीट, आणि दोन-तीन नंबर सिलिंडरच्या एक्झॉस्टला मिळून एकच पोर्ट. त्यामुळे मधले दोन व्हॉल्व्ह सगळ्यात तापतात आणि रुततातही तेच आधी.

रुतणं ओळखायचं टॅपेटच्या अंतरावरून, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधल्या फटीवरून. सीट झिजली की व्हॉल्व्ह वर सरकतो आणि रॉकरजवळचं अंतर कमी होतं. एमजीबीला १५ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ठेवलेलं अंतर हजार किलोमीटरनंतर फक्त एक्झॉस्टला दोन-तीन थाऊने घटलेलं आढळलं आणि पुढच्या हजारालाही तसंच झालं, तर सीट जातेय. इथेच बहुतेक ठिकाणी चूक होते. टॅपेट टाइट झाले म्हणून पुन्हा सेट करतात आणि गाडी देतात. झीज चालूच राहते, एक दिवस अंतर शून्य होतं, व्हॉल्व्ह सीटवर बसतच नाही, त्याला थंड व्हायला वाट उरत नाही आणि कडेला जळून खाच पडते. गावात ताशी चाळीस-पन्नासने फिरणाऱ्या गाडीला वर्षानुवर्षे काही होत नाही. पुणे-बेंगळुरू महामार्गावर सलग चार हजार आरपीएमच्या वर ठेवलं की झीज भराभर होते. म्हणून प्रत्येक जुनं हेड लगेच उतरवायलाच हवं असं नाही. फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पत्ती, सांगेल तेव्हा उतरवावं.

उतरवलं की आधी तडे तपासायचे, कारण बी-सिरीजला इनलेट आणि एक्झॉस्टच्या सीटमधल्या भिंतीत तडा जातो. रंगाची चाचणी पंधरा-वीस मिनिटांत होते आणि पुढचा सगळा खर्च वाचवते. मग सीट कापून कडक रिंग बसवायची. रिंग सिंटर्ड स्टीलची किंवा जास्त क्रोमियमच्या बीडाची. साधी बीडाची रिंग घालून काही उपयोग नाही, तीही तशीच झिजेल. रिंग भोकापेक्षा ०.०८ ते ०.१२ मिलिमीटर मोठी हवी. एवढी दाबून बसवायला हातोडा मारला तर रिंग तिरकी बसते, कड खरवडली जाते आणि महिन्याभरात सुटते. सुटलेली रिंग म्हणजे इंजिन संपलं. त्यापेक्षा हेड ओव्हनमध्ये १२० अंशांपर्यंत तापवायचं आणि रिंग द्रव नायट्रोजनमध्ये बुडवायची. ३७ मिलिमीटरची रिंग त्यात सुमारे ०.०७ मिलिमीटर आक्रसते, हेडचं भोक ०.०४ ने फुगतं, आणि रिंग जवळजवळ हाताने बसते. द्रव नायट्रोजन कुठून आणायचा, असा प्रश्न कोल्हापुरात पडू नये. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यातच ठेवतात आणि दुधाच्या या जिल्ह्यात त्याचे डबे गावोगाव फिरतात. भोक खोल कापताना पाण्याच्या जॅकेटमध्ये घुसणार नाही याची मात्र खात्री हवी. जुन्या हेडला आतून गंज लागून भिंत पातळ झालेली असते.

पुढचं काम सगळ्यांना माहीत असतं पण नीट होत नाही. सीटचे तीन कोन: वर ३०, मधे ४५, खाली ६०. एक्झॉस्टची बसायची पट्टी १.६ ते १.८ मिलिमीटर रुंद. अरुंद ठेवली तर व्हॉल्व्हची उष्णता हेडमध्ये उतरत नाही. व्हॉल्व्ह ऑस्टेनिटिक स्टेनलेसचा, तोंडाला स्टेलाइट असेल तर उत्तम. गाईड, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी, ब्रॉन्झचं, आणि एक्झॉस्टला ०.०५ ते ०.०८ मिलिमीटर मोकळीक. जुनं सैल गाईड तसंच ठेवून नवी सीट मारली तर व्हॉल्व्ह डगडगत बसतो आणि कडक सीटही वाकडी झिजते. ग्राइंडिंग पेस्टने तासभर घासत बसायची सवय इथे सोडावी. कडक सीट मशीनवर बरोबर कापली तर निळ्या शाईची एक तपासणी पुरते.

ज्या इंजिनांची हेडं अ‍ॅल्युमिनियमची आहेत, त्यांना या प्रकरणाशी देणंघेणं नाही. जग्वारचं एक्सके इंजिन असो की आपली फियाट-पद्मिनी, अ‍ॅल्युमिनियममध्ये व्हॉल्व्ह थेट बसवताच येत नाही, त्यामुळे रिंगा पहिल्यापासून आहेत. अशा गाडीच्या टाकीत दर वेळी शिशाच्या बदलीचं औषध ओतणं म्हणजे पैसे वाया. दोन-स्ट्रोक येझदी किंवा राजदूत ३५० ला तर असे सीटवर बसणारे व्हॉल्व्हच नाहीत.

म्हणजे शिशाची गोष्ट मिटलेली आहे. आजची अडचण इथेनॉलची आहे, आणि कोल्हापुरात तिच्याबद्दल बोलणं नाजूक असतं, कारण इथेनॉल आपल्याच उसाचं. उसाच्या रसापासून थेट केलं तर टनाला सत्तर लिटरच्या आसपास निघतं. साखरेचे भाव पडले तरी कारखान्याच्या हातात पैसा येतो आणि शेतकऱ्याची एफआरपी, म्हणजे उसाची ठरलेली किमान रक्कम, वेळेवर निघायला हातभार लागतो. याला विरोध करायचा माझा इरादा नाही. शिवाय शंभर वर्षांपूर्वी नॉकिंगवर जो निरुपद्रवी उपाय बाजूला पडला तो हाच. इथेनॉलचं ऑक्टेन शंभराच्या वर, बाष्पीभवनाची थंडाई पेट्रोलच्या दुपटीहून जास्त. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल ९५ ऑक्टेनचं असतं. पूर्वीच्या ९१ वर ज्या एमजीबीचं टायमिंग तीन-चार अंश मागे ठेवावं लागायचं, तिला ते हक्काने पुढे आणता येईल. सगळा अ‍ॅडव्हान्स धरून ३२ अंशांच्या आसपास.

पण कार्ब्युरेटरला हे कुणी सांगितलेलं नसतं. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर मिश्रण सुधारून घेतो, कार्ब्युरेटर भोकाच्या मापाएवढंच पेट्रोल देतो. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, वीस टक्के मिश्रणाला साडेतेरा पट. त्यामुळे जुनी सेटिंग सात-आठ टक्के पातळ पडते. अंबा घाट चढताना गाडी ओढ धरत नाही, इंजिन तापतं, प्लग पांढरे पडतात, आणि दोष क्लचला दिला जातो. वेबर कार्ब्युरेटरचा १३० नंबरचा मेन जेट १३५ केला की भोकाचं क्षेत्रफळ पावणेआठ टक्के वाढतं, बरोबर हवं तेवढं. एसयूला नुसता खालचा नट फिरवून भागत नाही, त्याचा परिणाम आयडलवर जास्त आणि वर कमी होतो. नीडलच एक पायरी जाड मिश्रणाची घ्यावी. एक्झॉस्टला सेन्सर लावून तपासत असाल तर हवा-पेट्रोलाचा आकडा न बघता लॅम्बडा, म्हणजे नेमक्या लागणाऱ्या हवेच्या किती पट हवा आहे ते, बघा. पूर्ण जोरात ०.८८ च्या आसपास. मीटरवरचा आकडा शुद्ध पेट्रोल धरून छापलेला असतो आणि मिश्रणावर तो फसवतो.

रबराचं काम आणखी निकडीचं. जुने नैसर्गिक रबराचे पाइप आणि पंपाचे डायफ्राम फुगतात, कॉर्कचे गॅस्केट गळतात, जस्ताच्या कार्ब्युरेटरवर पांढरी भुकटी धरते, फायबरच्या टाकीचा आतला थर चिकट होतो. पाइप फ्लोरोइलास्टोमरचेच, म्हणजे इथेनॉल सोसणाऱ्या कृत्रिम रबराचेच, घ्यावेत. पहिल्या दोन-तीन टाक्यांत जुना साचलेला चिकटा सुटून फिल्टर तुंबतो, तेव्हा फिल्टर हाताशी ठेवावेत. आणि पावसाळा. गगनबावड्याच्या बाजूला चार महिने हवाच ओली असते. अर्धी टाकी भरून जूनमध्ये गाडी झाकून ठेवली तर इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि एका मर्यादेनंतर पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो. पेट्रोल ओढणारी नळी नेमकी तिथेच असते. टाकी एकतर गच्च भरावी, नाहीतर रिकामी करून कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवावं.

हे सगळं करता येतं. पण करायचं की नाही हे ठरवायला पंपावर काय मिळतंय ते कळायला हवं. वीस टक्के मिश्रणाला साहित्याने जुळणाऱ्या गाड्या एप्रिल २०२३ पासून बनायला लागल्या. त्याआधीच्या गाडीवाल्याला पर्याय जवळपास ठेवलाच नाही. शुद्ध पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली, तेव्हा आता हा धोरणाचा प्रश्न आहे आणि तो सरकारपुढे लोकांनीच मांडायला हवा. शिशाच्या वेळी महानगरं ते देश यात पाच वर्षं दिली होती. या वेळी जिल्ह्याला निदान एक-दोन पंप दहा टक्क्यांच्या आतल्या मिश्रणाचे ठेवावेत, भाव जास्त लावला तरी चालेल, आणि प्रत्येक नोझलवर टक्केवारीची मराठी पाटी असावी. तोपर्यंत तपासायला काचेचं शंभर मिलिलिटरचं मापपात्र पुरतं: दहा मिलिलिटर पाणी, नव्वद पेट्रोल, हलवून दहा मिनिटं ठेवा. तळाचा थर अठ्ठावीसच्या जवळ आला तर वीस टक्के, एकोणीसच्या जवळ तर दहा.

धुराच्या बाबतीत मात्र सूट मागू नये. बीएस-२ च्या आधीच्या पेट्रोल कारला पीयूसीत आयडलवर कार्बन मोनॉक्साइड तीन टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएमची मर्यादा आहे. ती सैलच आहे. नीट सेट केलेलं बी-सिरीज इंजिन त्यात बसतं. बसत नसेल तर पिस्टनच्या रिंगा, गाईड किंवा कार्ब्युरेटर खराब आहे आणि दुरुस्ती मालकाची जबाबदारी आहे. माझ्या मते चाचणी अडीच हजार आरपीएमवरही घ्यावी, कारण तेल जाळणारं इंजिन आयडलवर साधू दिसतं.

२०२१ च्या जुलैत केंद्राने विंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली, नंबरात व्हीए अक्षरं, प्रदर्शन-रॅलीपुरता वापर. चांगला नियम, पण मर्यादा पन्नास वर्षांची. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना फिव्हा तीस वर्षं धरते. या वीस वर्षांच्या फटीत आपल्या बहुतेक पद्मिनी, बऱ्याच अ‍ॅम्बेसेडर आणि राजदूत ३५० पडतात. त्या भंगारात गेल्या की पन्नासाव्या वर्षी नोंदवायला काहीच उरणार नाही. मर्यादा तीस करावी, वर्षाला किलोमीटरचं बंधन घालावं आणि दर दोन वर्षांनी टॅपेटच्या अंतरापासून पेट्रोलच्या पाइपापर्यंतची तपासणी सक्तीची करावी. ही तपासणी करायला लागणारी माणसं, मशीन आणि बीडाची समज उद्यमनगरापासून शिरोलीपर्यंतच्या वर्कशॉपमध्ये आज आहे. पण हेडची सीट हाताने ओळखणारे मिस्त्री साठीच्या पुढे गेलेत, आणि आयटीआयच्या मुलाला कार्ब्युरेटर आता फक्त पुस्तकातच दिसतो.